छोट्या रणात कुब्यात दोन रात्री: सासूबाईंना झेपेल का?

विट्याची_सूनबाई

नमस्कार मंडळी. डिसेंबरात कच्छच्या छोट्या रणात घुडखर, म्हणजे रानगाढवं, बघायला जायचं चाललंय. मी, नवरा, नववीतली मुलगी, नणंदेचे यजमान आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. मुलीला मायणीच्या तलावावर पक्ष्यांचा नाद लागला, तेव्हापासून सुट्टी कुठे घालवायची ते तीच ठरवते. तिला हॉटेल नको, दसाडा-झैनाबादकडे मातीचे गोल कुबे असतात त्यातच राहायचंय. फोटोत झकास दिसतात, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात. शिवाय माहेर आटपाडीचं, त्यामुळे त्यांचं एकच पालुपद: "माळ आणि कुसळं बघायला पैसे मोजून गुजरातला कशाला? माझ्या माहेरी फुकट आहेत."

संडास खोलीला लागून असतो का? थंडी किती? पाणी कसं? दोन रात्री पुरतात का? खरंच राहून आलेल्यांनी सांगा.

रणातला_गलाईवाला

ताई, मी खानापूर तालुक्यातला. गलाईपायी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी, २२ वर्षं इथे सुरेंद्रनगर जिल्ह्यात आहे. गावाकडचे पाहुणे आले की रण दाखवायचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कुबा म्हणजे शेणामातीने सारवलेल्या जाड भिंतींची गोल खोली, वर गवताचं शाकार. आत खाट किंवा साधा पलंग. दुपारी आत गारवा असतो. रात्री मात्र भिंत आणि छप्पर यांच्या फटीतून वारा येतो. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. रजया देतात, तरी कानटोपी, पायमोजे आणि सासूबाईंची वाकळ घ्या. संडास-न्हाणी बहुतेक ठिकाणी खोलीलाच असते, पण कमोड आहे का ते फोनवर विचारून घ्या. गरम पाणी बंबातलं, बादलीत आणून देतात. त्याला मचूळ चव असते, साबणाला फेस येत नाही. पिण्याचं वेगळं असतं. ओठ आणि टाचा दोन दिवसांत फुटतात, तेव्हा व्हॅसलीनची डबी हाताशी ठेवा.

आता गुडघे. जीप उघडी आणि उंच, चढायला पायरी नसते. आमच्या आईला मी प्लास्टिकचं स्टूल बरोबर घेऊन नेली होती. पहाटेच्या फेरीत डोक्याला स्कार्फ, कानात कापूस.

आणि भाऊजींना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, गुजरातेत दारूबंदी आहे. दोन, स्वतःची गाडी रणात घालायची नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचं पाणी आणि खाडीचं पाणी मिळून सगळं रण भरतं, उंचवटे तेवढे बेटासारखे वर राहतात. त्यांना इथे बेटच म्हणतात. पुढे ते वाळतं ते वरून. एका नोव्हेंबरात कडक जमीन दिसली म्हणून मी शहाणपणा केला आणि बोलेरो घातली. शंभरेक फुटांवर वरचा पापुद्रा पापडासारखा मोडला, खाली काळा चिखल. चाक फिरवावं तशी गाडी आणखी खाली. रस्ता नाही, खूण नाही, चारी बाजूंना मृगजळ. तीन तासांनी एका अगरियाच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. हे मीठ पिकवणारे लोक पावसाळा सरला की कुटुंबासह रणात झोपडी टाकतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत वाळवतात, उन्हाळ्यापर्यंत तिथेच. पायाखाली अख्खं पाणी, पण पिण्याचं टँकरने येतं.

घुडखर दिसतातच. भारतात ते इथेच उरलेत. साठच्या दशकात रोगाने काहीशे राहिले होते, २०२४ च्या गणतीत ७,६७२ भरले. कळप लांबून दिसतो, पण माझ्या लक्षात राहिलाय तो एकटा नर. जीप बंद करून बसलो होतो, तो पन्नास फुटांवर. अंग पिवळट तांबूस, पोट पांढरं, ताठ आयाळीपासून शेपटीपर्यंत पाठीवर गडद पट्टा. वेड्या बाभळीच्या वाळक्या शेंगा खात होता. वारा पडलेला, त्यामुळे शेंग चावल्याचा कडकड आवाज जीपमध्ये ऐकू येत होता. माझी आई म्हणाली, "गाढवच की! पण धुतलेलं."

मुलीला सांगा, फ्लेमिंगो आणि करकोचे पाणथळीच्या बाजूला. त्यासाठी वेगळी फेरी लागते, म्हणून दोन रात्रीच ठेवा. वनखात्याचा परवाना लागतो, सगळ्यांची ओळखपत्रं घ्या. रेल्वेने येत असाल तर विरमगाम जवळ पडतं.

कवठेमहांकाळकर

दादांनी चांगलं लिहिलंय, पण दुसरी बाजूही ऐका. आम्ही गेल्या वर्षी एका ठिकाणी राहिलो, नाव घेत नाही. भाडं चांगल्या हॉटेलचं आणि रात्री दहाला लाइट बंद. विचारलं तर म्हणे, "नैसर्गिक अनुभव." छपरात रात्रभर काहीतरी खुडबुडत होतं, बायको खाटेवर बसून राहिली. डाळीत साखर. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर एक रात्र कुबा, एक रात्र गावातलं साधं लॉज. आणि नाताळची सुट्टी टाळा, एका घुडखरामागे दहा जीपा असतात.

तरी खरं सांगतो, लाइट गेल्यावर बाहेर आलो तेव्हा आभाळ बघून भाड्याचं विसरलो. सकाळी परत आठवलं.

रणातला_गलाईवाला

खुडबूड बहुतेक पालीची नाहीतर उंदराची. खाण्याचं उघडं ठेवू नका, बास. डाळीतल्या साखरेला मीही २२ वर्षांत सरावलो नाही. बाजरीचा रोटला मात्र सासूबाईंना आवडेल, आपल्या भाकरीपेक्षा जाड असतो एवढंच.

विट्याची_सूनबाई

सगळ्यांचे आभार. नाताळ टाळून डिसेंबरचा पहिला आठवडा धरतोय, दोन्ही रात्री कुब्यात. स्टूल घेतलं. तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. घुडखर, करकोचे, थंडी, कशावर काही बोलल्या नाहीत. फक्त विचारायला सांगितलंय, त्या मिठातल्या बायकांना टँकर किती दिवसांनी येतो?

रणातला_गलाईवाला

वस्ती किती आत आहे त्यावर आहे. त्यांना म्हणावं, या आणि तिथल्या बाईलाच विचारा, मी दुभाष्या होतो. येताना शेंगदाण्याची चटणी तेवढी आणा.