मदत हवी आहे: 'छापखाना' या शीर्षकासाठी ठळक स्लॅब सेरिफच्या तोडीचा देवनागरी फॉन्ट

नमस्कार. एका कला महाविद्यालयात जुनी मुद्रणयंत्रे आणि लाकडी ठसे यांचे प्रदर्शन भरणार असून त्याच्या भित्तिपत्रकाचे काम माझ्याकडे आले आहे. कागद डबल क्राउन, म्हणजे २० × ३० इंचांचा आहे आणि छपाई स्क्रीन प्रिंटिंगने दोन रंगांत होईल. वरच्या भागात 'छापखाना' हा एकच शब्द कागदाच्या पूर्ण रुंदीत आणि त्याखाली तितक्याच जोरकसपणे 'प्रिंट शॉप' हे इंग्रजी शब्द कॅपिटल अक्षरांत, अशी मांडणी ठरली आहे.

इंग्रजीपुरता प्रश्न सुटलेला आहे. तिथे स्लॅब सेरिफ, म्हणजे दांड्यांच्या टोकांना जाड आडवे पाये असलेला फॉन्ट हवा होता. आधी त्यातला क्लॅरेंडन घेण्याचा विचार होता. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ मध्ये बाजारात आणलेले हे वळण देखणे आहे. परंतु त्यातील पाया उभ्या दांड्याला हलक्या गोलाईने मिळत असल्याने ते भित्तिपत्रकावर जरा सभ्यच वाटते. म्हणून १८२१ च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या 'इजिप्शियन' अक्षरांवरून आज नव्याने रेखलेला अल्फा स्लॅब वन निवडला. त्याचे चौकोनी, जाड पाये लांबूनही नजरेत भरतात.

अडचण देवनागरीची आहे, कारण अल्फा स्लॅब वनमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. मोफत मिळणाऱ्या फॉन्टपैकी कर्मा आणि कडवा यांचे लॅटिन रूप स्लॅब सेरिफचेच आहे आणि त्यांची देवनागरीही नीटस आहे. मात्र दोन्हींचा पिंड मजकुराचा असल्यामुळे बोल्ड घेऊनही ते अल्फाशेजारी अशक्त दिसतात. रोझा वन पुरेसा जाड आहे, पण त्यातील जाड आणि बारीक रेषांमधला फरक इतका तीव्र आहे की त्याचे गोत्र वेगळेच वाटते. बलू गुबगुबीत आहे, तर मोदकमध्ये अक्षरांच्या पोटातील पांढरी जागा केवळ रेघेपुरती उरते. (मोदक मला मनापासून आवडतो, पण त्याची जागा मिठाईच्या खोक्यावर.)

म्हणून मुक्ता एक्स्ट्राबोल्डच्या बाह्यरेषा घेऊन प्रत्येक उभ्या दांड्याखाली चौकोनी पाया जोडून पाहिला. 'छापखाना' या शब्दात छ चा काना, प चा दांडा, मग ख आणि न यांचे दांडे व त्यांचे काने असे एकूण सहा उभे दांडे येतात. सहांनाही पाये दिल्यावर ते एकमेकांना टेकू लागले आणि खाली जणू दुसरी शिरोरेषा तयार होऊन शब्दाला कुंपण घातल्यासारखे दिसू लागले.

जाणकारांना विनंती आहे की, अल्फाच्या वजनाला पेलणारा एखादा देवनागरी फॉन्ट माहीत असल्यास सुचवावा. तसा नसल्यास हे मोठ्या आकाराचे अक्षरलेखन हाताने करताना पायांचे काय करावे, याबद्दल मार्गदर्शन करावे. व्यावसायिक परवाना घेण्याइतका खर्च या कामात बसत नाही.

प्रतिसाद

आपण पाये काढून टाकावेत, असे मी स्पष्टपणे सुचवेन. लॅटिन अक्षर तळरेषेवर उभे राहते, म्हणून त्याला खाली पाया शोभतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, त्यामुळे तिथे स्लॅबचे काम शिरोरेषाच करते. अल्फाच्या आडव्या पायाची जाडी मोजून शिरोरेषा साधारण तितकी ठेवावी, फार तर किंचित कमी. दांड्यांची खालची टोके मात्र तिरकी न ठेवता सरळ काटकोनात कापावीत. जाड-बारीकपणा फारसा न ठेवल्यास बोरूच्या लेखणीतून आलेला देवनागरीचा तिरपा ताण (रेषा जाड होण्याचा कल) आणि लॅटिनचा उलट दिशेचा ताण यांचे भांडणही आपोआप मिटेल.

पायाभूत आकारांसाठी वैभव सिंह यांचा एक्झार एक्स्ट्राबोल्ड पाहावा. त्याचे कोन धारदार आहेत आणि वजन मुक्तापेक्षा शीर्षकाला अधिक मानवते. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत उपलब्ध असल्याने शब्दाच्या बाह्यरेषा घेऊन भित्तिपत्रकापुरता फेरफार करण्यास परवान्याची अडचण येत नाही.

खरी कसोटी ख आणि छ यांची आहे. जाडी वाढवत नेली की ख मधील डावा भाग आणि दांडा यांमधली फट आधी बुजते, त्यानंतर छ चे पोट. म्हणून ही दोन अक्षरे आधी रेखावीत, त्यांत सोसेल तेवढीच जाडी ठरवावी आणि तीच प व न यांना लावावी. उलट क्रमाने गेल्यास प फार देखणा होतो आणि छ काळा डाग बनतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई कडेने थोडी पसरते, हेही धरून त्या फटी संगणकावर वाटतात त्याहून जरा मोकळ्या ठेवाव्यात.

या शब्दात वेलांटी, मात्रा, उकार काहीच नाही, ही आपली सोय आहे. त्यामुळे शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या उंचीइतकी धरता येईल आणि दोन ओळी अगदी जवळ आणता येतील. उंची समान ठेवूनही मराठी ओळ लहान भासली, तर तीच थोडी वाढवावी, इंग्रजी कमी करू नये. ख चे रेखाटन मूळ आकारात छापून भिंतीवर लावावे आणि पंधरा फुटांवरून त्याचे छायाचित्र काढून इथे टाकावे, म्हणजे फटींबद्दल नेमके सांगता येईल.