मधले भाग रेंगाळतात, शेवटचा गुंडाळतात: सुपरहिरो मालिकांच्या वेगाचे तुमचे अनुभव

पैलतीर
काल कपाट आवरताना जुना हेडफोन सापडला, वायरवाला, आणि एकदम २०१५चा एप्रिल आठवला. 'डेअरडेव्हिल'चे तेराच्या तेरा भाग एकाच दिवशी आले होते. घरचे झोपलेले. मी आणि दादा एकेक कान वाटून घेऊन लॅपटॉपसमोर.

दुसऱ्या भागाच्या शेवटचा तो बोळ आठवतोय ना? पळवून नेलेल्या पोराला सोडवायला हीरो मॅट आत शिरतो आणि कॅमेरा बोळातच थांबून राहतो. एका दारातून मायक्रोवेव्ह भिरकावला जातो. मग हीरो चक्क दमतो. भिंतीला टेकून धापा टाकतो. आडवे झालेले गुंड परत उठतात, तेही दमलेले, झोकांड्या खात एकेक ठोसा मारायला येतात. मारामारी असून इतकी संथ! दादा श्वास रोखून बसला होता, वायरमुळे मला ते जाणवत होतं. शेवटी मॅट पोराला उचलून बाहेर पडतो तेव्हा कुठे आम्ही हललो.

आता लेकीबरोबर नव्या, सहा-सहा भागांच्या मालिका बघते. चार भाग जुळवाजुळवीत जातात आणि सहाव्यात सगळं उरकून टाकतात. संथपणाचा मला राग नाही. थांबवलंत तर पदरात काहीतरी टाका, एवढंच मागणं आहे.

तुमचं सांगा. कुठे घोडं पेंड खात बसलं, कुठे भान हरपलं? (रहस्यं फुटतील, न पाहिलेल्यांनी जपून.)

अर्धविराम
ल्यूक केज, सातवा भाग!! खलनायक कॉटनमाउथ गेला आणि मालिकेतला जीवच गेला. त्याचं काम करणारा महेर्शला अली नुसता खिडकीत उभा राहिला तरी नजर हलायची नाही. पुढचे सहा भाग नेटाने पाहिले, पण त्याच्या जोडीचा खलनायक काही मिळाला नाही. भाग तेरा हवेत हे आधी ठरवायचं आणि मग गोष्ट ताणून त्यात बसवायची, असं वाटत राहिलं. पाणी घातलेलं लगेच कळतं.

सावकाश
+१. डेअरडेव्हिल, ल्यूक केज वगैरे चार हीरोंना एकत्र आणणारी 'डिफेंडर्स' आठच भागांची केली तेव्हा मला फार आनंद झाला होता. तरी चौघं एका खोलीत यायला तीन भाग गेलेच.

रात्रपाळी
आई जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा 'वांडाव्हिजन' लागली. जानेवारी २०२१. पहिले दोन भाग एकदम आले, कृष्णधवल, जुन्या विनोदी मालिकेसारखे, मागे प्रेक्षकांचं हसणं. मला काही उमजेना, मी बंद करणार होते. बहीण म्हणाली, ताई, थोडं थांब.

चौथा भाग सुरू झाला. पाच वर्षांपूर्वी अर्ध्या जगासोबत गायब झालेली मोनिका दवाखान्यातल्या खुर्चीत परत प्रकट होते आणि शेजारचा आईचा पलंग रिकामा. बाहेर माणसं हवेतून उगवतायत, नुसता गोंधळ, आणि ही सगळ्यांना आईबद्दल विचारत फिरते. डॉक्टर सांगतात, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

मी तिथेच थांबवलं. पहिले तीन भाग कशासाठी खर्ची घातले ते मला त्या क्षणी कळलं. जोडीदार गमावलेली वांडा जादूने उभं केलेलं ते खोटं घर का सोडत नाही, तेही. पुढचा भाग शुक्रवारी यायचा होता, आठवडाभर तो रिकामा पलंग डोळ्यांसमोर घेऊन कामावर गेले. सगळे भाग हाताशी असते तर पटकन पुढचा लावून मी त्यातून सुटले असते. सुटले नाही ते बरं झालं.

पैलतीर
रात्रपाळी, काय लिहू... बहिणीला माझा नमस्कार सांगा.

झटपट
मी सगळं दीडपट वेगाने बघतो. संथ मालिकांवर तोच इलाज.

सावकाश
दीडपट?? अहो, मग तो बोळ कसा दिसेल! मॅट धापा टाकतो तेवढ्या वेळात तुमचं पुढचं दृश्य सुरू होणार. पार्श्वसंगीताचं तर विचारूच नका.

झटपट
जुळी मुलं आहेत हो, दीड वर्षाची. दोघं एकदम झोपली तर चाळीस मिनिटं मिळतात.

सावकाश
अरेरे, मग बघा तुम्ही हवं तसं. खरंच. आमची लहान होती तेव्हा मी दोन वर्षांत एक मालिका पुरी केली नव्हती.

शेवटचापान
'द बॉईज'चा दुसरा सीझन, सप्टेंबर २०२०. पहिल्याचे आठही भाग एकदम आले होते, एका रात्रीत फडशा पाडला होता. दुसऱ्याला तीन भाग दिले आणि पुढचे दर आठवड्याला. लोकांनी चिडून एकेक तारा दिला, त्यात मीही होतो. आज वाईट वाटतं. मालिका उत्तम होती आणि त्या पाच आठवड्यांत मित्रांशी जेवढं बोललो तेवढं पहिल्या सीझनला बोललो नव्हतो. तेव्हा सगळे आपापल्या घरात अडकलेले, शुक्रवारचा फोन ठरलेला असायचा.

'इन्व्हिन्सिबल'च्या दुसऱ्या सीझनला मात्र माफी नाही. नोव्हेंबर २०२३ला चार भाग, उरलेले चार थेट मार्च २०२४पासून. याला वाट बघायला लावणं म्हणत नाहीत, ताटावरून उठवणं म्हणतात.

कोरापान
काही वर्षं टीव्हीसाठी पटकथा लिहिल्यात म्हणून थोडं सांगते (फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या). टीव्हीवर जाहिरातींचा ब्रेक असतो, प्रेक्षक पळू नये म्हणून दर ब्रेकआधी काहीतरी अडकवून ठेवावंच लागतं. 'द फ्लॅश'चा पहिला सीझन २३ भागांचा. भरताड भाग होते, पण प्रत्येक भागाला स्वतःची छोटी गोष्ट होती, ती त्याच दिवशी संपायची. स्ट्रीमिंगला ब्रेक नाही, प्रेक्षक पुढचा भाग लावणार हे गृहीत. मग लिहिणारे म्हणतात की हा सहा तासांचा सिनेमा आहे. इथेच गाडं अडतं. सिनेमाचा मधला तास तोडून भाग म्हणून दिला तर त्याला ना तोंड ना शेपूट. भागाला भागासारखं लिहा हो!

अर्धविराम
कोरापान, अगदी अगदी. म्हणूनच 'द पेंग्विन'चा चौथा भाग मला एवढा आवडतो. मालिका ऐन रंगात आलेली असताना माफिया घराण्यातल्या सोफियासाठी दहा वर्षं मागे जातात. तिला अर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळात कसं डांबलं, घरच्यांनी कशी पाठ फिरवली, सगळं एका भागात. ओझ, म्हणजे खुद्द पेंग्विन, बाजूलाच राहतो. गोष्ट पुढे किती सरकली? फारशी नाही. पण त्या जेवणाच्या टेबलाशी ती उभी राहून बोलते तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा हिशेब आपल्याला ठाऊक असतो.

खिडकीपाशी
'मून नाइट' कुणी पाहिली का? चौथ्या भागाच्या शेवटी दार उघडतं आणि बोलणारा पाणघोडा! माझा मुलगा सोफ्यावर उभाच राहिला. सहाव्यात मात्र मुख्य मारामारी चालू असताना हीरोची शुद्ध हरपते आणि जाग येते तोवर सगळं संपलेलं. मुलाने विचारलं, "आई, तू पुढे ढकललंस का?" काय उत्तर देणार?

सावकाश
पाणघोडा!! हो हो. पिल्लूला माझ्याकडून शाबासकी.

रात्रपाळी
'पीसमेकर'चं सुरुवातीचं नाचाचं गाणं कुणी पुढे ढकलतं का? आमच्या घरी कुणाला हात लावू देत नाही. सगळे चेहरे दगडासारखे ठेवून नाचतात, अगदी म्हाताऱ्या शेजाऱ्यासकट.

झटपट
ते मीही साध्या वेगाने बघतो.

पैलतीर
तुम्हा सगळ्यांचं दादाला फोनवर वाचून दाखवलं. रात्रपाळींचं ऐकून बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, शनिवारी रात्री दोघांनी आपापल्या घरी दुसरा भाग एकाच वेळी लावायचा, फोन चालू ठेवून. मी विचारलं, पहिल्यापासून का नाही? तर म्हणे, तेवढा दम निघणार नाही.