टॉवेल कारखान्यातली कपात: भरपाई कुठल्या पगारावर मोजायची?

अशोकचौककर (धागाकर्ता)
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात दिवाळीनंतर कामगार कमी केले. मालक म्हणतात, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार घ्या, कायदा तेवढंच सांगतो. युनियन म्हणते, ३० दिवसांचा द्या. गेटवर घोषणा झाल्या, बैठकाही झाल्या, पण गाडी १५ की ३० यावरच अडली आहे. माझ्या मते पैसा मारला जातोय तो दुसरीकडेच.

कायद्यातले १५ दिवस 'सरासरी पगारा'चे असतात. महिन्याचा पगार असेल तर शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी, आठवड्याचा असेल तर शेवटच्या चार आठवड्यांची. आपल्याकडे मागावरचं काम बहुतेक पीसरेटवर. जेवढा माल निघाला तेवढे पैसे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, ऑर्डरी थांबल्या आणि इथले माग आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आले. कपात झाली ती त्यानंतर.

आता आकडे बघा. समजा, एका माणसाला भर कामात महिन्याला १६,००० रुपये पडत होते आणि त्याची नोकरी १८ वर्षांची. निम्म्या महिन्याचे ८,००० धरले तर भरपाई १,४४,०००. पण मंदीच्या महिन्यांत हातात १०,०००च आले आणि तीच सरासरी धरली, तर होतात ९०,०००. चोपन्न हजारांचा फरक पडला आणि १५ दिवसांच्या नियमाला धक्काही लागला नाही. म्हणून युनियनने आधी काम कमी होण्यापूर्वीच्या वर्षाची सरासरी मागावी. दिवस किती, ते नंतर बघू.

टॉवेलवाला
तुमचं गणित बरोबर आहे, पण कारखानदाराच्या बाजूनेही ते मांडा. ऑर्डर थांबली त्याच आठवड्यात मला माणसं कमी करता आली असती. मग पूर्ण सरासरी लागली असती आणि मी मोकळा झालो असतो. तसं न करता आज उठेल, उद्या उठेल म्हणत माग अर्धे चालवले, कामगारांच्या घरी आठवड्याला काहीतरी गेलं. त्याचंच आता माझ्यावर ओझं टाकणार का? पुढच्या वेळी कोणी मालक थांबणार नाही, पहिल्याच दिवशी हिशेब करेल.

आणि पैसा आणायचा कुठून? माल गोदामात पडून, सुताची उधारी उभी, बँकेचा हप्ता चुकत नाही. उरलेल्या माणसांना काम द्यायचं की गेलेल्यांना जास्तीचे पैसे द्यायचे, हे मला ठरवावं लागतं.

हिशेबनीस
कामगार खात्यात फायली घेऊन जाणं हाच माझा धंदा आहे, म्हणून थोडं नियमांचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे कपात-भरपाईचा नवा कायदा, लागू झाली. १५ दिवसांचा दर तोच राहिला. वर कपातीआधी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. सोलापुरातले बहुतेक कारखाने त्याखालीच येतात. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकण्यासाठीच्या) भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा. हा एकदाच, वर्षामागे नाही. ग्रॅच्युइटी वेगळी. ती भरपाईत धरून 'सगळं मिळून एवढे' असा आकडा कोणी सांगत असेल तर दोन्ही रकमा कागदावर वेगळ्या मागा.

पण युनियनचे ३० दिवस कायद्यात नाहीत. वाटाघाटीत मिळाले तर मिळाले, कोर्टात हक्क म्हणून मागता येणार नाहीत. तुमची वर्षभराची सरासरीही तशीच, अशोकचौककर.

विडी घरकुल
कायद्याचं राहू द्या. माझ्या भावाला ऑफिसात बोलावून एक छापील कागद पुढे केला. वर नाव, खाली सही, मधे 'घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे'. सही केली तर चेक आज, नाही केली तर कोर्टात जा म्हणाले. उचल घेतलेली होती, ती वळती करून राहिलेली रक्कम सांगितली. आई विड्या वळते, घरात तेवढाच आधार. त्याने सही केली. आता युनियनवाले म्हणतात तुझी कपात झालीच नाही, तू सोडून गेलास. कुणाला विचारायचं अण्णा?

अशोकचौककर
ताई, भावाला ग्रॅच्युइटी तरी सोडू देऊ नका. पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही ती द्यावी लागते, उचलीच्या नावाखाली अडवता येत नाही. आणि सही कशी घेतली, सोबत आणखी किती जणांकडून तोच छापील मजकूर घेतला, हे लिहून सहायक कामगार आयुक्तांकडे आजच तक्रार द्या. सगळ्यांच्याच घरी एकाच दिवशी घरगुती अडचण येत नाही. राजीनामा खरा मानला तर भरपाईही जाते आणि वर्षभरात भरती निघाली तर जुन्या माणसांना आधी बोलवायचं, तो हक्कही जातो.

टॉवेलवाला साहेब, माग अर्धे चालवलेत हे मी मान्य करतो. पण त्या दिवसांचा तोटा तुम्ही एकट्याने सोसला का? जे दिवस माग बंद होते, त्यांची ले-ऑफ भरपाई, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी, किती कारखान्यांनी दिली? पन्नास किंवा जास्त माणसं असली की ती द्यावी लागते. एकाच शेडमध्ये तीन फर्मच्या पाट्या लावून आकडा खाली आणलेला मी डोळ्यांनी बघितलाय. कामगाराने मंदीत कमी पगार घेऊन एकदा झळ सोसली. तोच कमी पगार धरून १८ वर्षांचा हिशेब केला की दुसऱ्यांदा सोसायची. हिशेबनीस म्हणतात तसं, वर्षभराची सरासरी कायद्यात नाही, मान्य. कायद्यात किमान काय ते आहे. त्याच्या वर करार करायला कोणी बंदी केलेली नाही.

टॉवेलवाला
तीन पाट्यांचं माझ्याकडे नाही. ले-ऑफचे पैसे मात्र मीही दिले नाहीत, हे खरं आहे. सरासरी जुन्या पगाराची धरा, पण मला एकरकमी जमणार नाही.

अशोकचौककर
हप्ते चालतील. पुढच्या तारखांचे चेक आयुक्तांसमोर द्या, राजीनाम्याचे कागद परत करा, आणि परत घ्यायच्या माणसांची यादी ज्येष्ठतेप्रमाणे गेटवर लावा. एवढं लेखी दिलंत तर ३० दिवसांचा आग्रह सोडा, असं मी स्वतः युनियनच्या बैठकीत उभा राहून सांगेन.

हिशेबनीस
यादीवर मस्टरमधली नोकरी लागल्याची तारीखही टाका. निम्मी भांडणं तिथेच होणार आहेत.