आत्याचं टेनामेंट, पुराचं पाणी आणि मगर: गिऱ्हाईक खरं का बोलत नाही?

समावाली भाची
नमस्कार मंडळी. आत्याचं बडोद्याच्या समा भागातलं टेनामेंट विकायला काढलंय. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर एक खोली, दारात पारिजातक. आत्या ७४ वर्षांची, एकटी. आता आमच्याकडे मांजलपूरला येणार. दलाल नको म्हणाली, त्यामुळे घर दाखवायचं काम माझ्या गळ्यात.

आजवर ११ जण येऊन गेले. चहा पितात, पारिजातकाचं कौतुक करतात, "विचारीने कहीशुं" (विचार करून सांगू) म्हणतात आणि गायब. का नको ते एकाने सांगितलं असेल तर शपथ.

मला दिसतं ते असं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी घरात कमरेपर्यंत होतं. धोक्याची पातळी २६ फूट, आणि नदी ३५ च्याही वर गेली होती. दिवाळीआधी आत्याने घाईघाईने रंग देऊन घेतला. तो आता खालच्या अंगाला पापडासारखा सुटतोय. स्वयंपाकघरात कुबट वास येतो, पण तिच्या नाकाला सवय झालीय. गिऱ्हाईक यायच्या आधी ती उदबत्ती लावते. मग कुबट अधिक उदबत्ती असा तिसराच वास तयार होतो, तो तर मलाही सहन होत नाही.

पाण्याबद्दल ती अवाक्षर काढू देत नाही. "सगळ्या बडोद्यात आलं, आपल्याकडेच आलं का?" पण त्याच पुरात सोसायटीच्या फाटकाशी मगर आली होती, ती गोष्ट मात्र प्रत्येकाला हातवारे करून सांगते! मी काही बोलले की "तुला घाई झालीय" हे ठरलेलं. तिला कसं सांगू? आणि लोकांकडून खरं कसं काढून घेऊ?

कारेलीबागकर
ताई, "घर कसं वाटलं?" असं विचाराल तर पारिजातकच ऐकाल. म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर तिच्या घराला कोण नावं ठेवणार? दुसऱ्या दिवशी फोन करा, आत्या जवळ नसताना. "तुम्ही घेत नाही हे मी धरूनच चालते, फक्त अडलं कुठे तेवढं सांगा" म्हणा. नकार आधीच तुम्ही देऊन टाकला की माणूस मोकळा होतो.

आईचा फ्लॅट विकताना सहा महिने आम्ही किंमत उतरवत बसलो. शेवटी एकाने फोनवर सांगितलं, जिन्यात शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग ओलांडून वर यावं लागतं, बायकोने तिथेच नाक मुरडलं. शेजाऱ्यांना चपलांचा स्टँड आम्हीच आणून दिला.

आणखी एक विचारा: किती कमी केले तर घ्याल? आकडा सांगितला तर अडचण किमतीची. आकडाच सांगत नसेल तर घरात काहीतरी खटकलंय.

रोखठोक
एवढं खरं खोदून काय करणार? पुट्टी मारा, परत रंग द्या, पावसाळ्याआधी विकून मोकळे व्हा. घेणारा काय डोळे मिटून येतो का?

चुनावाळू
रोखठोक, डोळे उघडे ठेवूनही पुट्टीच्या मागचं दिसत नाही, म्हणून तर कायदा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ वाचा. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न सापडणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. लपवला तर ती फसवणूक धरतात. ७४ व्या वर्षी आत्याबाईंना त्यात कशाला ओढता?

ताई, मी बांधकामात ३० वर्षं काढली. पूर ओसरला तरी पाणी विटांमध्ये राहतं. वरून पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते क्षार घेऊन पृष्ठभागाशी येतं आणि रंग फुगवतं. तुमचे पापड ते हेच. नाण्याने भिंत वाजवत जा. पोकळ आवाज येईल तिथलं प्लास्टर सुटलंय. पाणी चढलं होतं त्याच्या वर फूटभरापर्यंत प्लास्टर उतरवा, वीट उघडी ठेवा, उन्हाळाभर वाळू द्या. आधी रंग दिलात तर पैसे पाण्यात, शब्दशः. खालचे प्लग पॉइंट बुडाले होते ना? वायरिंग बदललं असेल तर बिल जपून ठेवा आणि दाखवा. दाराच्या चौकटींना खाली टोचून बघा, वाळवी असेल तर कळेल.

घेतलं एकदाचं
मी पलीकडच्या बाजूने सांगतो. गेल्या वर्षी पुरात बुडालेलंच टेनामेंट घेतलं. त्याआधी चार घरं बघितली, प्रत्येक ठिकाणी "आमच्याकडे पाणी नाही आलं", आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे! पाचव्या घरातल्या काकांनी स्वतः माळ्याची शिडी बाजूला करून भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. पाणी इथवर, दोन दिवस राहिलं, बोअरची मोटर जळली, ती बदलली. मी तिथेच दोन लाख कमी मागितले, काकांनी दीड केले, आणि आठवड्यात बानाखत (विक्रीचा करार) झालं. रेघ बघितल्यावर बाकीचं जे सांगतील ते खरं असणार, असं वाटून गेलं.

समावाली भाची
सगळ्यांचे आभार. रोखठोक, तुमचेही, कारण आत्याचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच होतं.

अकरापैकी चौघांना फोन केले. एकाने उचलला नाही. एकाला पार्किंग लहान वाटलं, त्याला इलाज नाही. एक बाई म्हणाल्या, "भेज छे, बेन" (ओल आहे, ताई), आणि वर "पण अगरबत्ती सारी हती" (पण उदबत्ती छान होती) असंही. चौथ्याने मात्र मला गप्प केलं: "बा मगरनी वात करे छे, पाणीनी केम नथी करता? मगर चालीने आवेली?" (आजी मगरीची गोष्ट सांगतात, पाण्याची का नाही? मगर काय चालत आली होती?)

हे वाक्य मी आत्याला जसंच्या तसं ऐकवलं. आधी तिचा चेहरा पडला. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पोहतच आली मेली," म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरातला फळीखालचा पडदा स्वतः बाजूला केला. तिथे आम्ही रंगच दिला नव्हता. रेघ जशीच्या तशी.

रविवारी प्लास्टर उतरवायला माणूस येतोय. फळीखालचा तेवढा तुकडा सोडायला सांगितलाय तिने, मगरीची गोष्ट सांगताना दाखवायला.