सासऱ्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलायचाय

सुदामानगर, इंदूर: नानांचा विंडोज १० चा डेस्कटॉप आहे. पासवर्ड त्यांनी कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारीच लिहिलाय. कॉलनीतल्या पोरांना तो पाठ! बदलला तर फोटो जाणार नाहीत ना?

उत्तर १: काही जात नाही, ताई. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा, ‘चेंज अ पासवर्ड’ निवडा. जुना एकदा, नवा दोनदा. झालं.

उत्तर २: आधी खातं बघा हो. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘युअर इन्फो’. नावाखाली ‘लोकल अकाउंट’ असेल तर वरचं बरोबर. ईमेल दिसला तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं. मग नवा पासवर्ड आउटलुक, वनड्राइव्ह, सगळीकडे लागेल. नानांना पिनच लावून द्या, असं माझं मत. पिन त्या एका यंत्रापुरता. पोरांना कळला तरी आपल्या घरून मेल उघडता येणार नाही.

सुदामानगर: लोकलच निघालं. बदलला, पण आता आत घेत नाहीये! नाना वैतागलेत.

उत्तर २: मराठी टायपिंग चालू असेल. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडे भाषा दिसते, तिथे इंग्रजी करा. कॅप्स लॉकही बघा. रकान्यातला डोळा दाबून धरलात की टाइप केलेलं दिसतं.