व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात, आणि वाचताना नेमकं कुठे अडतं?

पानगळ

व्हर्जिनिया वुल्फच्या मुख्य कादंबऱ्या मूळ इंग्रजीतून वाचायच्या आहेत. 'द व्हॉयेज आउट' (१९१५) पासून 'बिटवीन द अॅक्ट्स' (१९४१) पर्यंत प्रकाशनाच्या क्रमाने जावं, की दुसरा काही क्रम बरा? 'मिसेस डॅलोवे'त पहिल्या वीसेक पानांतच कोण विचार करतंय हे हातातून निसटतं. परिच्छेद क्लॅरिसाचा, म्हणजे मिसेस डॅलोवेचा, म्हणून सुरू होतो आणि संपेपर्यंत आपण भलत्याच माणसाच्या डोक्यात असतो. यावर काही ठोस उपाय आहे का? 'द वेव्ज'ला तर आत्ता हात लावावा की नाही, इथूनच प्रश्न आहे. कथासार नको, ते कुठेही मिळतं. वाचायचं कसं ते सांगा.

समास

प्रकाशनाच्या क्रमाने जाऊ नका. 'द व्हॉयेज आउट' आणि 'नाइट अँड डे' (१९१९) या पहिल्या दोन कादंबऱ्या बांधणीने बऱ्याचशा जुन्या वळणाच्या आहेत. त्या तिच्या सावत्र भावाच्या, जेरल्ड डकवर्थच्या, प्रकाशनसंस्थेने काढल्या. तिने आणि तिचा नवरा लेनर्ड वुल्फने १९१७ मध्ये स्वतःचं होगार्थ प्रेस सुरू केलं आणि 'जेकब्ज रूम' (१९२२) ही तिथून आलेली तिची पहिली कादंबरी. आपण ज्या वुल्फबद्दल बोलतो ती इथून सुरू होते. पहिल्या दोन शेवटी वाचल्या तरी चालतील. आधी वाचल्या तर पुढच्या पुस्तकांसाठी चुकीची सवय लागते, कारण त्यांत निवेदक आपलं बोट सोडत नाही.

सुरुवात 'क्यू गार्डन्स' (१९१९) या कथेने करा. मोजकी पानं आहेत. बागेतला एक फुलांचा वाफा, त्यात पानाला वळसा घालून पुढे सरकू पाहणारी गोगलगाय, आणि जवळून जाणाऱ्या माणसांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीचं थोडं बोलणं कानावर पडतं, ती निघून जाते, नजर पुन्हा वाफ्याकडे येते. पुढे कादंबऱ्यांत जे मोठ्या प्रमाणावर घडतं ते इथे छोट्या आकारात दिसतं: माणसं बदलतात, जागा तीच राहते, आणि त्या जागेच्या आधाराने निवेदन एका मनातून दुसऱ्या मनात जातं.

मग 'टू द लाइटहाउस' (१९२७). 'मिसेस डॅलोवे'च्या आधी हीच घ्या, कारण हिचे भाग आणि प्रकरणं आकडे घालून वेगळी केलेली आहेत, त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळते. तीन भाग आहेत. पहिल्यात एक दुपार आणि संध्याकाळ, मधल्यात दहा वर्षं, शेवटच्यात एक सकाळ. पहिला भाग सगळ्यांत लांब आणि त्यातला काळ जेमतेम काही तासांचा. दहा वर्षांचा भाग सगळ्यांत आखूड. हे उलटं प्रमाण डोक्यात ठेवून वाचा.

पाचव्या प्रकरणात मिसेस रॅम्झी दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलासाठी विणलेला मोजा आपल्या धाकट्या मुलाच्या, जेम्सच्या, पायाला लावून बघते. जेम्स चुळबुळ करतो, ती त्याला नीट उभं राहायला सांगते, मोजा आखूड भरतो. घड्याळात हे मिनिट-दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यात तिचं मन घरातल्या कळकट खुर्च्यांवरून, उघड्या राहणाऱ्या दारांवरून, मोलकरणीच्या मरणाला टेकलेल्या बापापर्यंत जाऊन येतं. इथे पेन्सिल घ्या आणि मोज्याशी संबंधित वाक्यांखालीच रेघ मारा. ती चार-सहाच निघतील. तोच बाहेरचा काळ. बाकी सगळा आतला. एवढं एक प्रकरण असं वाचलं की पुढचं पुस्तक आपोआप उलगडत जातं.

दुसरा धागा शालीचा. अठराव्या प्रकरणात मुलांच्या खोलीत भिंतीवर डुकराची कवटी आहे. मुलगी कॅमला तिची भीती वाटते, आणि ती काढली तर जेम्स आकांत करणार. मिसेस रॅम्झी आपली शाल त्या कवटीभोवती गुंडाळते. पुढे मधल्या भागात घर ओस पडतं. मिसेस रॅम्झीचा मृत्यू चौकोनी कंसातल्या एका वाक्यात येऊन जातो, आणि त्यानंतर शालीची एक घडी सुटून लोंबकळू लागते. मग दुरून हातोड्याच्या घावांसारखे दबलेले आवाज येतात, त्यांनी शाल आणखी सैल होते, कपांना तडे जातात. हे आवाज कसले ते तिथे लिहिलेलं नाही. लगेच पुढच्या कंसात थोरला मुलगा अँड्र्यू फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मेल्याचं कळतं. बरेच वाचक हा भाग 'नुसतं वर्णन' म्हणून भराभर उलटतात आणि मग तिसऱ्या भागात माणसं कुठे गेली म्हणून शोधत बसतात. पुस्तकातला सगळ्यांत हळू वाचायचा भाग हाच.

घंटाघर

समास यांच्या क्रमाशी मी सहमत नाही. 'मिसेस डॅलोवे' (१९२५) आधी वाचावी. तिला प्रकरणं नाहीत हे खरं, पण घड्याळ आहे, आणि घड्याळ प्रकरणांचं काम चोख करतं. जून १९२३ मधला एक दिवस. ठोके समासात लिहीत चला. विमान आकाशात अक्षरं काढतं तेव्हा अकरा. क्लॅरिसाचा जुना मित्र पीटर वॉल्श तिच्या घरातून निघतो तेव्हा साडेअकरा. बाराच्या ठोक्याला क्लॅरिसा हिरवा पोशाख पलंगावर ठेवते आणि त्याच ठोक्याला युद्धातून परतलेला सेप्टिमस आणि त्याची बायको रेझिया हार्ली स्ट्रीटवरून डॉक्टर ब्रॅडशॉकडे चालत असतात, दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात. दीडला लेडी ब्रूटनकडचं जेवण, तीनला क्लॅरिसाचा नवरा रिचर्ड गुलाब घेऊन घरी, सहाच्या सुमारास सेप्टिमसचा शेवट. मग रात्रीची पार्टी. एवढं लिहिलं की रस्ता चुकत नाही.

आता 'कोण विचार करतंय'बद्दल. पानगळ, तुम्ही अडताय ती जागा बहुतेक मोटारीची असावी. फुलांच्या दुकानाबाहेर बंदुकीसारखा आवाज होतो. क्लॅरिसा दचकते, दुकानातली मिस पिम खिडकीशी जाते, रस्त्यावरचे लोक थबकतात, आणि त्या गर्दीत पहिल्यांदाच सेप्टिमस वॉरन स्मिथ दिसतो. वुल्फ मन बदलते ते बहुतेकदा अशाच एखाद्या गोष्टीच्या आधाराने, जी दोघांनाही एकाच वेळी दिसते किंवा ऐकू येते: मोटार, विमान, घंटा. तर परिच्छेद हातातून सुटला की मागे जाऊन नाव शोधू नका. ती सामाईक वस्तू शोधा. तिच्या अलीकडचं मन एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं.

दुसरी अडचण सर्वनामांची. 'संज्ञाप्रवाह' (मनात विचार येतील तसे मांडायची पद्धत) ही पाटी वाचून लोक सलग 'मी, मी' अशा स्वगताची वाट बघतात. इथे निवेदन तृतीय पुरुषातच आहे, 'ती' आणि 'तो', फक्त भाषा, घाई, चिडचिड त्या त्या माणसाची. त्यामुळे एखादं मत आलं की ते लेखिकेचं समजू नका. पीटरला रीजंट्स पार्कमध्ये सेप्टिमस आणि रेझिया दिसतात आणि ही प्रेमिकांची कुरबुर आहे असं त्याला वाटतं. पुढे रुग्णवाहिकेची घंटा ऐकून त्याला ही संस्कृतीची केवढी कमाई वाटते, आणि सेप्टिमसने उडी मारल्याला तेव्हा काही पानंच झालेली असतात. पीटर चुकतोय हे कुणीही सांगत नाही. ते वाचकानेच ओळखायचं.

क्लॅरिसा आणि सेप्टिमस कधीच भेटत नाहीत. वुल्फने १९२८ च्या अमेरिकी आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच, मरायची होती ती क्लॅरिसा. हे कळल्यावर पार्टीतला तो प्रसंग, जिथे ब्रॅडशॉ दांपत्याकडून त्या तरुणाच्या मृत्यूची बातमी येते आणि क्लॅरिसा लहान खोलीत एकटी जाते, फार वेगळा लागतो.

पानगळ

मोजा आणि घड्याळ, दोन्ही वहीत उतरवून घेतलं. 'द वेव्ज' आणि 'ऑर्लँडो'बद्दलही कुणी सांगेल का? 'ऑर्लँडो' गंमत म्हणून लिहिलेली आहे, सोडली तरी चालते, असं वाचलं होतं.

नऊ प्रहर

'द वेव्ज' (१९३१) वाचाच, पण वरच्या दोन्हींनंतर. आधी तिरप्या टाइपातली नऊ निसर्गचित्रं सलग वाचून घ्या. सूर्योदयाआधीपासून सूर्यास्तानंतरपर्यंतचा एकच दिवस आहे: समुद्र, बाग, पक्षी, घरातल्या वस्तूंवर सरकणारा उजेड. हा कणा हातात आला की त्यांच्यामध्ये सहा जणांचं बालपणापासून उतारवयापर्यंतचं आयुष्य बसवता येतं.

मग पहिलं पान. सहा मुलं एकेक वाक्य बोलतात. बर्नार्डला कडं दिसतं, सुझनला फिक्या पिवळ्या रंगाचा पट्टा, ऱ्होडाला पक्ष्यांची चिवचिव ऐकू येते, नेव्हिलला लोंबणारा गोल दिसतो, जिनीला सोनेरी धागे गुंफलेला किरमिजी गोंडा, लुईला साखळीने बांधलेल्या प्रचंड जनावराचं पाय आपटणं. ही सहा वाक्यं कागदावर लिहून पुस्तकात ठेवा. लुईच्या बोलण्यात ते पाय आपटणं पुन्हा येतं, बर्नार्ड वाक्यांची वेटोळी घालत राहतो. काही पानांनंतर नाव न बघताही आवाज ओळखू येतो. सातवा, पर्सिव्हल, एकदाही बोलत नाही. भारतात घोड्यावरून पडून मरतो. पुस्तकाच्या साधारण मध्यावर ही बातमी येते आणि नेव्हिल, बर्नार्ड, ऱ्होडा यांचे आवाज तिच्याभोवती फिरतात. शेवटचं लांबलचक प्रकरण एकट्या बर्नार्डचं.

ही स्वगतं म्हणजे संवाद नव्हेत. 'बर्नार्ड म्हणाला' असं लिहिलेलं असलं तरी समोरच्याने ते ऐकलंय असं धरून चालू नका. उत्तराची वाट बघणारा वाचक इथे हमखास थकतो. आणि एक गोष्ट मराठी वाचकाच्या लक्षात चटकन येण्यासारखी: इंग्रजीत मुलगा असो वा मुलगी, सहाही जणांच्या तोंडी क्रियापदाचं रूप एकच राहतं. मराठीत मनातल्या मनात उलथा करताना 'मी पाहतो' की 'मी पाहते' हे आपल्याला ठरवावंच लागतं, आणि मूळ मजकुरात मुद्दाम पुसट ठेवलेली मुलगा-मुलगी ही रेघ आपण नकळत ठळक करून बसतो. शक्यतो उलथा न करता मोठ्याने वाचा.

'ऑर्लँडो' (१९२८) मात्र सोडू नका. लेखिका आणि जिवलग मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्टसाठी लिहिलेलं हे 'चरित्र' आहे, एलिझाबेथच्या काळापासून ११ ऑक्टोबर १९२८ पर्यंत चालणारं, आणि ते प्रकाशित झालं तोच हा दिवस. शेवटची सूचीही वाचा, तो कादंबरीचाच भाग आहे. तिसऱ्या प्रकरणात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑर्लँडो सात दिवस झोपतो आणि बाई होऊन उठतो, तिथलं एकेक सर्वनाम तपासा. 'तो'वरून थेट 'ती' येत नाही. मध्ये दोन्हींना चालेल असं अनेकवचनी सर्वनाम येतं, मग रूढी म्हणून 'ती' म्हणू या असं चरित्रकार सांगतो. मराठीत हे एकट्या सर्वनामावर भागत नाही, 'उठला' की 'उठली' हे क्रियापदालाही ठरवावं लागतं. अनुवादकाची खरी परीक्षा या परिच्छेदात आहे.

जुळारी

आवृत्तीबद्दल एक व्यावहारिक सूचना. 'टू द लाइटहाउस' इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे ५ मे १९२७ ला आली, पण वुल्फने दोन्हींच्या मुद्रितांत वेगवेगळ्या दुरुस्त्या केल्या. मिसेस रॅम्झीच्या मृत्यूचं कंसातलं वाक्यच दोन आवृत्त्यांत वेगळं आहे. ब्रिटिश पाठात मिस्टर रॅम्झी हात पसरतो हे दोनदा येतं आणि 'ते रिकामेच राहिले' हे स्वतंत्र छोटं वाक्य आहे. अमेरिकी पाठात सगळं एका वाक्यात मिटवलंय. मला पहिला पाठ जास्त तोडणारा वाटतो, त्या तुटण्यामुळेच. तेव्हा सोबत समीक्षा किंवा टिपा वाचणार असाल तर त्या कोणत्या पाठावर आहेत ते आधी बघा, नाहीतर समीक्षक उद्धृत करतो ते वाक्य तुमच्या प्रतीत सापडायचं नाही.

'मिसेस डॅलोवे'त प्रकरणांऐवजी मध्येमध्ये रिकामी ओळ सोडलेली असते. ती पानाच्या तळाशी आली की छापील पुस्तकात दिसत नाही, आणि फुकट मिळणाऱ्या ई-पुस्तकांत पुष्कळदा गळूनच जाते. मोबाईलवर वाचत असाल तर आधी चांगली संपादित प्रत शेजारी ठेवून त्या जागांवर खुणा करून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. घंटाघर यांनी सांगितलेले ठोकेही त्याच वेळी नोंदवता येतील.