कोल्हापुरातून खाडीत गरवायला जाताना: कोळंबी की ल्यूर?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घाटमाथा

दिवाळीनंतर खाडीचं पाणी निवळलं की आपल्याकडच्या गाड्या गगनबावड्यामार्गे खाली उतरायला लागतात. डिकीत हमखास दोन पिशव्या असतात: बाजारातली बर्फातली कोळंबी आणि नदीकाठची गांडुळं. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही घरी ठेवा. वाघोटण असो वा जैतापूर, कमरेएवढ्या पाण्यात जिताडा नाहीतर तांबोशी हवी असेल तर फक्त ल्यूर, म्हणजे नकली आमिष, न्या.

बर्फातल्या कोळंबीचं डोकं आधी काळं पडतं, मग वितळलेल्या पाण्यात मांस ढिलं होतं. जोरात फेक मारली की गळ एकीकडं आणि कोळंबी दुसरीकडं. गांडूळ गोड्या ओलीतलं, खाऱ्या पाण्यात बघता बघता मलूल होतं. कणीक आणि पेंड पंचगंगेत रोहूला ठीक. जिताडा शिकारी मासा आहे, तो पिठाकडं बघत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. येऊन-जाऊन सहा-सात तास गाडीत गेले की काठावर पाच-सहा तासच उरतात. आमिष टाकून एका जागी बसलं की मासा येईल तेव्हा येईल. ल्यूर घेऊन चालत राहिलं तर तेवढ्यात लांबच लांब काठ तपासून होतो.

सामान असं ठेवा: ७ फुटी मध्यम रॉड, ३००० ते ४००० चं रील, २० ते ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढं गळाकडं दीड मीटर ४० पौंडी लीडर (जाड दोरीचा तुकडा). लीडर टाळू नका. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि खडकावरची कालवं ताणलेली ब्रेड एका घासात कापतात. ल्यूर तीनच पुरे: ३ ते ४ इंची सॉफ्ट प्लास्टिक ५ ते १० ग्रॅमच्या जिगहेडवर (शिसं जोडलेल्या गळावर), अर्धा-एक मीटर खोल जाणारा मिनो (माशाच्या आकाराचं ल्यूर), आणि उजाडताना व मावळताना एक पॉपर (पाण्यावर खळखळणारं ल्यूर).

कालवांचा काठ

आमिष घाटावरून आणू नये, इथवर शंभर टक्के मान्य. पण म्हणून आमिषच नको? कोळंबी खाडीतच आहे की! काठावर पाग (फेकजाळं) मारणारे असतात, त्यांच्याकडून पंधरा-वीस जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंब्या, मागून घ्या, पैसे द्या. जिवंत कोळंबीइतकं खात्रीचं आमिष उथळ खाडीत दुसरं नाही. तिथला प्रत्येक शिकारी मासा तीच खातो.

फक्त ती मरू द्यायची नाही. १० लिटरच्या बादलीत वीसपेक्षा जास्त नकोत. पाणी खाडीचंच हवं, नळाचं नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप लावा, बादली सावलीत ठेवा, अर्ध्या तासाने तिसरा हिस्सा पाणी बदला. पाणी तापलं तर बर्फ थेट टाकू नका, वितळून खारटपणा उतरतो आणि कोळंबी आडवी होते. बर्फ बंद बाटलीत भरून ती बाटली बादलीत सोडा.

गळ १ ते २/० नंबरचा, बारीक तारेचा. डोक्यावरच्या काट्याखालून आडवा घालायचा, आत जो काळा ठिपका दिसतो त्याच्या पुढून. ठिपक्याला टोचलं की कोळंबी जागच्या जागी मेली. वर तरंगा लावायचा आणि आमिष तळापासून वीतभर वर राहील इतकी दोरी सोडायची. तळाला टेकलं तर चिंबोऱ्या पाच मिनिटांत कवच तेवढं ठेवतात. लोक म्हणतात 'मासाच नाही', आणि तासभर मोकळा गळ पाण्यात असतो.

शाहूपुरी ४

कोल्हापुरातून नेण्यासारखं एक आमिष आहे, त्याचं नावच कुणी काढलं नाही. खारवलेला बांगडा.

ताजा बांगडा बघून घ्यायचा: डोळा फुगीर, कल्ले लाल, पोट दाबलं की परत वर येणारं. दोन्ही बाजूंच्या फाकी काढा, कातडी ठेवा. डब्यात खडेमिठाचा थर, त्यावर फाकी, परत मीठ. एक किलो फाकींना पाव किलो मीठ धरा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सुटलेलं पाणी सकाळी ओतून टाका. मांस चिवट होतं आणि फेकीत निसटत नाही. कोळंबी सोलून अशीच खारवता येते.

पट्टी कापताना ६ ते ८ सेंटीमीटर लांब, बोटाएवढी रुंद, एका टोकाला निमुळती. गळ फक्त जाड टोकातून, कातडीच्या बाजूने आरपार. दोन्ही टोकं गळात अडकवली की पट्टी प्रवाहात पंख्यासारखी फिरते आणि दोरीला पीळ बसतो. भावांनो, रीलवर गुंता होतो त्यात बऱ्याचदा रीलचा दोष नसतो, ही पट्टी असते.

घाटमाथा

खारवलेल्या पट्टीला जिताडा येतो का? येतो तो शिंगाळा. वासाचं आमिष तळाला ठेवलं की शिंगाळे जमतात, आणि त्यांच्या पाठीवरचा व दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. ज्याला शिंगाळा हवा त्याने खुशाल पट्टी लावावी. जिताड्यासाठी आलेल्या माणसाने लावली तर दिवस काटे सोडवण्यात जाणार.

कालवांचा काठ

फक्त ल्यूर न्या, हे निवळलेल्या पाण्यापुरतं खरं आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे खाडी तांबडी असते, हातभर खाली काही दिसत नाही. वरून गोडं पाणी वाहतं, खारं जड म्हणून तळाशी राहतं. तेव्हा वरच्या थरात पळवलेला तुमचा चकाकणारा मिनो दिसणार कुणाला? त्या दिवसांत मुखाजवळ, तळालगत, वासाचं किंवा जिवंत आमिषच काम करतं.

घाटमाथा

गढूळ पाण्यात जिताडा नुसत्या डोळ्यांवर शिकार करत नाही, अंगावरच्या रेषेने कंप ओळखतो. म्हणून तेव्हा चकाकी सोडायची आणि जाड शेपटीचं, हळू ओढलं तरी थरथरणारं प्लास्टिक लावायचं. रंग काळा नाहीतर गडद जांभळा. रीलच्या दोन गिरक्या, थांबा, तळाला लागू द्या, परत दोन गिरक्या. आपल्या लोकांची चूक एकच, ओढतात फार वेगाने. बाकी पाणी अगदी लाल असेल तर तुमची कोळंबी भारी पडेल, एवढं मी सोडतो.

तिथी बघून निघा

तुम्ही दोघं आमिषावर भांडताय आणि गाडी कोल्हापुरातून चुकीच्या दिवशी निघतेय. उथळ खाडीत आमिषाआधी पाणी बघायचं.

ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांतून बारीक मासे आणि कोळंबी छोट्या ओहोळांनी बाहेर ओढली जाते. शिकारी मासा त्या ओहोळाच्या तोंडाशी तोंड करून उभा असतो. म्हणून ओहोटीचे शेवटचे दोन तास, जागा ओहोळाचं तोंड, आणि फेक प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे आमिष पाण्याबरोबर वाहत खाली येईल. प्रवाहाविरुद्ध माशाच्या अंगावर चाल करून येणारी कोळंबी कुणी पाहिली आहे?

आता दिवस. जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर ३ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. हा हिशोब मुंबईकडचा. दक्षिण कोकणात भरती आधी येते, अंदाजे तासभर वजा करा, आणि निघण्याआधी भरतीच्या तक्त्यावरून पक्की वेळ घ्या. तृतीयेला तिकडं दुपारी सव्वाएकच्या आसपास भरती, साडेसातच्या सुमारास सुकती (ओहोटीचा शेवट). शेवटचे दोन तास नेमके तिन्हीसांजेला. शिवाय उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावस्येनंतरही एक-दोन दिवस टिकतो. म्हणून एका दिवसात परतणाऱ्या कोल्हापूरकराला द्वितीया-तृतीयेसारखा दिवस नाही. अष्टमीला भांगाचं (कमी चढउताराचं) पाणी, ओढ कमी, आणि भरती पहाटे. आपण पोचेपर्यंत निम्मी ओहोटी गेलेली.

शाहूपुरी ४

तिथीचा हिशोब पटला. पण सगळेच जिताड्याच्या मागे नसतात, हे विसरू नका. पोरांना घेऊन गेलात तर वाळूवर मुडदुशी: ६ ते ८ नंबरचा गळ, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, ओढीप्रमाणे १५ ते ३० ग्रॅम पळतं (दोरीवर सरकणारं) शिसं. खडकाकडेच्या संथ पाण्यात काळुंदर: १० नंबरचा गळ, आणि तिथं मात्र कणकेची गोळी आणि शेवाळ दोन्ही चालतं. घाटमाथा, कणीक सरसकट घरी ठेवायला सांगितलीत ते चूक.

घाटमाथा

काळुंदरासाठी कणीक, बरोबर. शब्द मागे घेतो. गांडूळ मात्र नाही.

कालवांचा काठ

जिवंत कोळंबी लावणाऱ्यांनी सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरून बघा. अट एकच, झटका मारायचा नाही. दोरी चालायला लागली की नुसती गुंडाळत ताण द्या, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात फिरतो. आपल्याकडं नदीवरची झटक्याची सवय हातात असते, तिथंच सर्कल गळ तोंडातून मोकळा येतो आणि लोक गळाला शिव्या घालतात. रीलचा ड्रॅग (किती ताणाला दोरी सुटेल ते) दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवा. ३० पौंडी ब्रेड म्हणजे साडेतेरा किलो, तर ड्रॅग साडेतीन किलोच्या आत. ताणकाट्याने मोजून बांधा, बोटाच्या अंदाजावर नको.

ओठाला लागलेला मासा परत सोडता येतो, हे त्यातलं मोठं. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभर लांबीचा जिताडा म्हणजे जवळपास नक्की मादीच. ती पाटीत गेली तर पुढची पिढी कुठून येणार? दोन-तीन किलोचा ठेवा, मोठा सोडा. सोडताना शेपटी धरून लटकवू नका, पोटाखाली हात द्या, पाण्यातच उभा धरा, स्वतःहून जाईपर्यंत.

तिथी बघून निघा

याला पूर्ण पाठिंबा. मालवणकडं जाणाऱ्यांनी हेही बघा: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. तिथं गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करा.

शाहूपुरी ४

शिंगाळ्याचा काटा लागलाच तर काय करायचं? पोरं बरोबर असतात म्हणून विचारतो.

कालवांचा काठ

तुटका काटा वर दिसत असेल तर काढा, जखम धुवा, आणि हात किंवा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. या विषाचा ठणका उष्णतेने उतरतो. बर्फ लावू नका. पाणी किती गरम ते दुसऱ्याने हात घालून बघायचं, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. गाडीत थर्मास भरून न्या. काटा खोल गेला असेल, आत तुटला असेल, सूज वर चढत असेल किंवा श्वास लागत असेल तर कोल्हापूर गाठायची वाट न बघता जवळचा दवाखाना गाठा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

घाटमाथा

आणि उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या. पाकट (चपटा, शेपटीला काटा असलेला मासा) वाळूत लपलेलं असतं, पाय घासत आला की बाजूला होतं, वरून पडला की शेपटी मारतं. गरम पाण्याचा उपाय त्यालाही तोच.